पप्पाने पुसलेला ठसा

बार्राचिना माझ्या पप्पाच्या नावाची पाटी बनवून घेतोय हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. हा माणूस कुणाला फुकट पाणी पाजत नाही, पाटी कशाला देईल?

हासिंतो बार्राचिना म्हणजे आमच्या बेनिमोरा गावातल्या टेनिस क्लबचा अध्यक्ष. फरश्यांचा कारखाना आहे त्याचा. पोट पुढे, आणि बोलताना समोरच्याचं कोपर धरून ठेवायची खोड. सोडवून घ्यायला गेलं तर भांडण होईल, म्हणून सगळे मुकाट उभे राहून ऐकतात.

बातमी मला सेन्तोने दिली. सेन्तो क्लबचा बार चालवतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

"अभिनंदन गं बेर्ता," तो म्हणाला. "रविवारी तुझ्या पप्पाचा सत्कार. पाटी, टाळ्या, पाएयाचं जेवण, सगळं."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय? फर्मिन ओल्सिना आहे तो! 'लाल मातीतला सभ्य माणूस.' असंच लिहिलंय पाटीवर, मी बघितली. पितळी आहे."

"आणि लावणार कुठे?"

सेन्तो एकदम ग्लास पुसायला लागला. ग्लास कोरडाच होता.

"सेन्तो, कुठे लावणार?"

"पॅडलच्या दारावर," तो हळूच म्हणाला.

"आपल्याकडे पॅडल कुठाय?"

"फलकावर वाच जा. मी काही बोललो नाही हं."

फलकावर सभेची नोटीस होती. पहिली वेळ साडेअकरा, दुसरी वेळ बारा. पहिल्या वेळेला आजवर एक माणूस आलेला नाही, नियमात आहे म्हणून लिहितात. खाली विषय. एक, मागच्या सभेचा वृत्तान्त. दोन, श्री. ओल्सिना यांचा सत्कार. तीन, सुविधांचं आधुनिकीकरण. क्रम बघा. आधी सत्कार, मग आधुनिकीकरण. म्हणजे आमची दोन्ही लाल मातीची कोर्टं सप्टेंबरमध्ये खणून काढायची आणि तिथे काचेच्या चार पेट्या उभ्या करायच्या. एकेका पेटीत चारचार जण शिरतात, फळ्या घेऊन चेंडू काचेवर आपटतात आणि मग बिअर पितात. त्याला पॅडल म्हणतात. शिकवायला बार्राचिनाचा पुतण्या येणार, हे गावात सगळ्यांना माहीत. मग बावीस पोरांना टेनिस शिकवणारा फर्मिन ओल्सिना काय करणार? पाटीखाली उभा राहणार? त्याला दुसरं काही येत नाही. या दोन कोर्टांशिवाय त्याच्याकडे काही नाही.

पप्पा चौदा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळला. एकदा जगात अठ्ठावन्नावा होता, बरोबर सहा आठवडे. बेनिमोराचं नाव शेजारच्या जिल्ह्यात कुणी ऐकलेलं नाही, आणि इथला माणूस जगात अठ्ठावन्नावा. पण गावाला ते आठवत नाही. कासाब्लांकाला त्याने जिंकलेली स्पर्धा आठवत नाही. पॅरिसमध्ये जगातल्या चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याने पाच सेट पळवलं, ते आठवत नाही. गावाला एकच चेंडू आठवतो.

एकोणीस वर्षांपूर्वी, माझ्या जन्माच्या आधी, व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेतला उपांत्य सामना. समोर आर्जेंटिनाचा ब्रिझुएला. गावातून दोन बस भरून गेल्या होत्या. तिसरा सेट, पाच-तीन, मॅच पॉइंट पप्पाचा. ब्रिझुएलाने फटका मारला, चेंडू पप्पाच्या मागच्या रेषेपाशी पडला, रेषेवरचा पंच ओरडला, "बाहेर!" संपलं. जिंकला. दोन्ही बस नाचायला लागल्या. ब्रिझुएला मात्र दोन्ही हात वर करून बोंबलत होता, आत आहे, आत आहे! लाल मातीवर असं झालं की भांडायची गरज नसते, चेंडूचा ठसा उमटलेला असतो. मुख्य पंच खुर्चीतून उतरतो, ठसा बघतो, निकाल देतो. पण पंच उतरायच्या आत पप्पा तिथे गेला, वाकला, बघितलं आणि बुटाने ठसा पुसून टाकला. आमच्या खेळात याचा अर्थ एकच. चेंडू आत होता, पॉइंट तुझा, विषय संपला. एकदा पुसल्यावर पंचालाही काही करता येत नाही.

मग तो पॉइंट गेला, गेम गेला, सेट गेला, सामना गेला. आणि गावाने पप्पाला खांद्यावर घेतलं! नगरपालिकेने हॅमची अख्खी तंगडी दिली. पाद्र्याने रविवारी चर्चमध्ये त्याचं उदाहरण दिलं. शाळेत तर अजून देतात. मला तोंडावर म्हणायचे, "तुझे वडील बघ आणि तू बघ." मार्चमध्ये मी शाळा सोडली त्यात या वाक्याचा बराच हात आहे. राहिलेला हात मी वर्गात फेकलेल्या खुर्चीचा, पण ते जाऊ दे.

मला त्या गोष्टीचा लहानपणापासून राग यायचा. दोन बस भरून माणसं आलेली असताना स्वतःचा विजय बुटाने पुसतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा कोर्टवर माती सपाट करायची जाळी ओढत होता. रोज ओढतो, गोल गोल, बाहेरून आत. मी सरळ मधे जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो, माती ओली आहे."

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"आधुनिकीकरण."

"नोटीस मीच लावली. त्यांना टाचण्या सापडत नव्हत्या."

मी जाळीवर पाय ठेवला.

"स्वतःच्या हाताने लावलीस?"

"हासिंतो म्हणाला, लाव जरा. लावली."

"आणि रविवारी काय करणार? पाटी घेणार, आभार मानणार आणि खाली बसणार?"

"मतदान आहे, बेर्ता. लोक ठरवतील."

"लोक तुझ्याकडे बघून ठरवतील! तू गप्प बसलास तर सगळे म्हणणार, फर्मिनलाच चालतंय तर आपल्याला काय. म्हणून तर आधी सत्कार ठेवलाय त्याने. तोंडात घास कोंबला की बोलता येत नाही."

"हासिंतोने मला अकरा वर्षं काम दिलंय. मी भर सभेत आरडाओरडा करू? मला शोभत नाही."

"शोभत नाही! ब्रिझुएलापुढे पण तेच! मॅच पॉइंट होता पप्पा! पंच उतरत होता, त्याने बघितलं असतं. तुला कुणी विचारलं होतं? तुला सभ्य म्हणवून घ्यायचं होतं. टाळ्या पाहिजे होत्या तुला. म्हणून पुसलास."

पप्पाने जाळीची दोरी खाली टाकली. मला वाटलं आता एक कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण तो कधीच मारत नाही.

"तो ठसा त्या चेंडूचा नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"चुकीचा ठसा बघितला मी. दोन पॉइंट आधीचा होता, रेषेच्या आतल्या कडेला. नवव्या गेमपर्यंत माती ठशांनी भरलेली असते, मधे कुणी झाडत नाही. मी घाईत. जीव इथे गळ्यात आलेला. पहिला दिसला तो बघितला आणि पुसला. खरा ठसा हातभर पलीकडे होता. रेषेच्या बाहेर. चांगला चार बोटं बाहेर."

"कधी कळलं तुला?"

"पाय उचलला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस? खरा ठसा होता ना तिथे! दाखवायचा पंचाला!"

"लोक उभे राहिले होते."

"मग?"

"सगळे, बेर्ता. अख्खं मैदान. ब्रिझुएला नेटवरून उडी मारून मला मिठी मारत होता. पंच टाळ्या वाजवत होता, पंच! जिंकल्यावरसुद्धा मी तशा टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या. आणि मी म्हणू, थांबा, माझी चूक झाली, चेंडू बाहेर आहे?" तो खाली मातीकडे बघत होता. "दुसरा ठसाही मी पुसला. परत जागेवर जाता जाता. कुणाला दिसलं नाही."

 आणि मग तो बोलत सुटला. एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या आईलाही नाही, म्हणून असेल. पुढच्याच आठवड्यात बुखारेस्टला एका चेंडूवरून वाद झाला, तर समोरचा पंचाला म्हणाला, ओल्सिनालाच विचारा, तो खोटं बोलत नाही. लोक हसले, पप्पाने पॉइंट देऊन टाकला. चेंडू आत की बाहेर, त्याला दिसलाच नव्हता. मग सगळे शिकले. फर्मिनशी खेळताना काही अडलं की नुसतं त्याच्याकडे बघायचं, तो देतोच. एका सामन्यात असे चार-पाच पॉइंट. टेनिसमध्ये चार-पाच पॉइंट म्हणजे सामनाच. अठ्ठावन्नचा नव्वद झाला, नव्वदचा एकशे चाळीस. एकदा सोफियाला त्याने हिंमत करून पंचाला खाली बोलावलं, ठसा बघा म्हणाला, तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. तू पण? मग उझबेकिस्तानातल्या कुठल्या तरी गावात, दोन प्रेक्षक, त्यातली एक पंचाची बायको. मनगट गेलं. एकतिसाव्या वर्षी संपलं.

"तो सामना मी माझ्या चुकीने हरलो," पप्पा म्हणाला. "बाकीचे सगळे त्या टाळ्यांमुळे."

"मग सांग आता."

"कुणाला?"

"सगळ्यांना. रविवारी. तू सभ्य आहेस तोवर बार्राचिना तुझ्या डोक्यावर बसणार. 'फर्मिन सभ्य आहे, तो गोंधळ घालणार नाही.' ते काढून फेक एकदाचं, आणि मग भांड त्याच्याशी!"

"नाही."

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. माइक हिसकावून सांगेन."

त्याने माझ्याकडे बघितलं. "हो, तू सांगशील," तो म्हणाला, आणि दोरी उचलून परत जाळी ओढायला लागला.

रविवारपर्यंत मी गाव पालथं घातलं. क्लबचे सभासद शंभराच्या आसपास, सभेला सत्तर-ऐंशी येतात. बार्राचिनाच्या कारखान्यातले, त्याच्याकडून फरश्या घेणारे, पॅडलसाठी जीव टाकणारे दंतवैद्य आणि वकील, हे सगळे त्याच्याकडे. आपल्याकडे पोरांचे आईबाप. आणि लेओकादियाआजीची पलटण.

लेओकादियाआजी एक्याऐंशीची आहे. व्हॅलेन्सियाला गेलेल्या पहिल्या बसमध्ये ती होती. रोज दुपारी पाच वाजता ती आणि तिचे आठ जण घडीच्या खुर्च्या घेऊन पाइनच्या सावलीत बसतात, सूर्यफुलाच्या बिया फोडतात आणि पप्पाच्या पोरांचा खेळ बघत शेरे मारतात. "या पोराला रॅकेट दिलीय की झाडू?" असं.

"आमचे नऊ हात तुझ्या बापाचे," ती मला म्हणाली. "त्या पेट्यांत मला काय दिसणार आहे? घामट वकील? जा, काळजी करू नकोस."

मी घरी येऊन परत परत जुळवून बघितलं. नऊ धरले तर आपण दोन मतांनी पुढे होतो. फार नाही, पण पुढे.

रविवारी बारा वाजता, म्हणजे दुसऱ्या वेळेला, सगळे आले. बाहेर सेन्तोने पाएयाच्या भाताची मोठी कढई चढवली होती, धूर खिडकीतून आत येत होता. बार्राचिना माइकवर. पप्पा त्याच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट, केस ओले. मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होते.

बार्राचिनाने ती गोष्ट सांगितली. गोष्टीत त्याने स्वतःचं बरंच घातलं. पप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे, पप्पा आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटला म्हणे. हा माणूस त्या दिवशी व्हॅलेन्सियाला नव्हताच, कारखान्यात होता. मग तो म्हणाला, "हाच आपला फर्मिन. स्वतःपेक्षा खेळ मोठा मानणारा. क्लबच्या भल्यासाठी स्वतःचं काही सोडावं लागलं, तर तो आजही मागेपुढे बघणार नाही. काय फर्मिन?" आणि त्याने पप्पाचं कोपर धरलं.

टाळ्या पडल्या. पप्पाच्या हातात पाटी आली. त्याने ती वाचली, टेबलावर पालथी ठेवली आणि बार्राचिनाचा हात कोपरावरून काढला. जोरात नाही, पण सगळ्यांना दिसेल असा.

"ही पाटी माझी नाही," तो म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, विनय.

मग त्याने सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, सगळं. चुकीचा ठसा, चार बोटं, उभे राहिलेले लोक. दुसरा ठसा पुसला तेही. तो आवाज चढवत नव्हता, पण थांबतही नव्हता.

"फर्मिन, बाळा, थट्टा करू नकोस," पहिल्या रांगेतून लेओकादियाआजी म्हणाली.

"थट्टा नाही, आजी."

"म्हणजे चेंडू बाहेर होता?"

"बाहेर होता."

"आणि तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

मी भिंतीपाशी उभी राहून मुठी आवळत होते. शाब्बास. आता भांड. आणि तो भांडला. मी त्याला आयुष्यात असं बोलताना ऐकलं नव्हतं. बावीस पोरं आहेत, म्हणाला, त्यातल्या चार मुली प्रांताच्या संघात खेळू शकतात, त्यांना काचेच्या पेटीत कोंबणार का? पॅडल पाहिजे तर बांधा की, मागचं वाहनतळ वर्षभर रिकामं पडलंय, तिथे बांधा, कुणी अडवलंय? कोर्टंच का खणायची? "कारण वाहनतळावर ऊन असतं आणि हासिंतोच्या पुतण्याला सावली पाहिजे!" बार्राचिना लाल झाला. "फर्मिन, ही भाषा तुला शोभत नाही," तो म्हणाला, आणि पप्पा म्हणाला, "नाही ना शोभत? मग नीट ऐक, परत सांगतो." आणि परत सांगितलं!

मला नाचावंसं वाटत होतं. वाहनतळाचा मुद्दा तर कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. आता कोण याला विरोध करेल?

मग मी लोकांकडे बघितलं. कुणी वाहनतळाचं ऐकतच नव्हतं. ते अजून तिथेच होते, व्हॅलेन्सियाला. एकमेकांच्या कानात बोलत होते. "दुसरा ठसा पण?" "बघ की." एकाने मान हलवली तशी पाच जणांनी हलवली. लेओकादियाआजी समोर बघत होती, हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून.

मतदान हात वर करून. पॅडलच्या बाजूने, अडतीस. विरोधात, एकतीस.

पहिल्या रांगेतले नऊ हात कुठल्याच वेळी वर आले नाहीत.

चिटणीसाने परत विचारलं, "लेओकादियाबाई, तुमचं मत?" तिने मान हलवली, नाही. तिच्या शेजारच्याने तिच्याकडे बघितलं आणि आपलाही हात खालीच ठेवला. आणि मग पुढच्याने. रांगच्या रांग.

मी खुर्च्या ढकलत पुढे गेले. "नऊ हात म्हणाली होतीस! तू बोलली होतीस मला!"

"बेर्ता, ओरडू नकोस."

"ओरडेन! कोर्ट तर तेच आहे ना? पोरं तीच आहेत ना? त्याने खरं सांगितलं आणि तू त्याची शिक्षा पोरांना देतेस?"

ती उठली नाही. बसूनच बोलली, हळू. "माझा नवरा गेला त्या वर्षी तीन महिने हॉस्पिटलात पडून होता. येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगायचा, मी तिथे होतो, मी डोळ्यांनी बघितलं. शेवटी त्याला माझं नाव आठवत नव्हतं, पण हे आठवायचं. काय बघितलं गं त्याने? सांग मला. एक माणूस बुटाने माती सारताना बघितला."

"त्याचा कोर्टाशी काय संबंध?"

"तुझ्यासाठी नसेल."

  माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. पप्पा गप्प बसला असता तर? एकतीस आणि नऊ, चाळीस. चाळीस-अडतीस. त्याने फक्त उठून 'कोर्ट खणू नका' एवढंच म्हटलं असतं, सभ्य माणसासारखं, पाटी हातात धरून, तरी पुरलं असतं. खरं सांग म्हणून मागे कोण लागलं होतं? माइक हिसकावेन म्हणून कोण म्हणालं होतं?

तिकडे बार्राचिना परत हसायला लागला होता. स्थानिक पेपरचा फोटोवाला आला होता, त्याला त्याने हाताने बोलावलं. "चला, झालं गेलं. खेळाडू आहोत आपण. फर्मिन, ये, हात मिळवू." आणि हात पुढे केला.

सामना संपला की हरलेला माणूस नेटपाशी जातो आणि हात मिळवतो. कितीही वाईट हरलेला असो. पप्पाने उझबेकिस्तानात दोन प्रेक्षकांसमोर मिळवला असेल, सोफियात शिट्ट्या खाऊन मिळवला असेल. हात न मिळवणं म्हणजे आमच्यात थुंकल्यासारखं आहे.

पप्पाने दोन्ही हात खिशात घातले. बार्राचिनाचा हात तसाच हवेत राहिला. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, खाली केला, परत वर केला. कुणीतरी मागून म्हणालं, "लाज वाटत नाही," आणि ते बार्राचिनाला नव्हतं. पप्पा दाराकडे निघाला. बाहेर सेन्तो ताट घेऊन उभा होता, "फर्मिन, थोडं तरी खाऊन जा, तुझ्यासाठीच..." पप्पा त्याच्या बाजूने निघून गेला. मी मागे पळाले.

आम्ही गाडीत बसून निघालो. गावाबाहेर बदामाच्या बागा लागल्या तसा त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि टायरला लाथ मारली. मग दुसरी मारली. मग तोंड सुटलं. बार्राचिनाला शिव्या दिल्या, त्याच्या पुतण्याला, त्याच्या फरश्यांना. ब्रिझुएलाला, मिठी मारल्याबद्दल. बुखारेस्टच्या त्या माणसाला, आडनावासकट. पाद्र्याला. नऊच्या नऊ म्हाताऱ्यांना एकेकाचं नाव घेऊन, आणि लेओकादियाआजीपाशी आला तेव्हा त्याचा आवाज फाटला. स्वतःला तर असं काही बोलला की मी ते इथे लिहिणार नाही. लहानपणापासून मी याचीच वाट बघत होते, हा माणूस कधीतरी चिडेल. ऐकायला मजा येईल असं वाटायचं. अजिबात आली नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि तू! सांग, सांग, सांग! झालं समाधान? सप्टेंबरपासून मी काय करू? सांग ना! तुला सगळं कळतं ना!"

मी दार उघडून खाली उतरले. "मला काय माहीत होतं ते असं करतील!"

"मला माहीत होतं!"

"मग बोललास कशाला?"

"कारण खरं होतं ते!"

"मग माझ्यावर कशाला ओरडतोस!"

"कारण तू समोर आहेस!"

"तू एकोणीस वर्षं खोटं बोललास त्याचं काय? त्या आजीचा नवरा मेला तेव्हा तू गेला होतास ना तिच्याकडे? बसला होतास ना तिच्या शेजारी? काय बोललास तिथे? खाली मान घालून टाळ्या घेतल्यास ना तिथे पण!"

"हो! घेतल्या!"

दोघेही घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर येऊन थांबला. वर एक म्हातारा शेतकरी, टोपी मागे सारलेली, मागच्या फळीवर त्याचं कुत्रं.

"गाडी बिघडली काय?" त्याने विचारलं.

"नाही," पप्पा म्हणाला. "आम्ही बोलतोय."

"मग जरा हळू बोला की. माझं कुत्रं घाबरलंय."

दुसरा कुठलाही दिवस असता तर पप्पाने माफी मागितली असती. कुत्र्याचीसुद्धा मागितली असती. आज तो दोन पावलं ट्रॅक्टरकडे गेला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "रस्ता सरकारचा आहे. कुत्रं घाबरत असेल तर घेऊन पुढे जा."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि ट्रॅक्टर पुढे काढला. पप्पा परत माझ्याकडे वळला. चेहरा घामाने भिजलेला, इस्त्रीचा शर्ट बाहेर आलेला.

"हं," तो म्हणाला. "कुठे होतो आपण?"

"लेओकादियाआजीच्या घरी," मी म्हणाले. "तू तिच्या शेजारी बसला होतास."

आणि आम्ही परत सुरू केलं.